पाच तास गप्प, तेही व्याह्यांबरोबर

...नाही, नाही, आज मला बोलू द्या! मधे कुणी तोंड घालायचं नाही! पाच तास, तुम्हाला सांगतो, पाच तास मी तोंडातून शब्द काढला नव्हता, ते सगळं अजून आत कोंडून राहिलंय, एकदा शिट्टी होऊन जाऊ द्या, नाहीतर झाकण उडेल माझं! अहो, चष्म्याचं दुकान आहे माझं, तीस वर्षं झाली, गिऱ्हाईक दारातून आत आलं की डोळ्यांचा नंबर राहिला बाजूला, आधी त्याच्या मामाच्या गुडघ्याचं काय झालं तिथपासून आमची सुरुवात असते! त्या मला, माझ्यासारख्या माणसाला, भर रानात नेलं, जळवांच्या तोंडी दिलं, डुकरीण समोर उभी केली, आणि वर काय? तर, "आवाज नको!"

तुम्ही म्हणाल, मग गेलात कशाला? हौस होती? हौस! मला कुंडीतल्या रोपाची हौस नाही हो, बायको गावाला गेली की आमच्या कुंड्या वाळतात! मला पाठवलं. लेकीनं. सातवा महिना लागलेल्या लेकीनं. आता तिला नाही म्हणायची कुणाची टाप आहे? तुमची आहे? मग!

पण ते तसं एकदम सांगून कळायचं नाही, आधी व्याही सांगायला हवेत. व्याही म्हणजे आमच्या लेकीचे सासरे. अग्निशमन दलात चौतीस वर्षं, अधिकारी म्हणून रिटायर. उंची सहा फूट, खांदे कपाटाएवढे, आणि बोलणं? फोनवर "हॅलो" म्हणाले की त्या दिवसाचं रेशन संपलं. मी पंधरा मिनिटं बोलतो, पलीकडून "हं". परत मी पंधरा मिनिटं. परत "हं". मला वाटायचं लाइन कट झाली. मग कळायचं, नाही, ऐकताहेत. की नाही ऐकत? कसं कळणार!

तर या रानाच्या आठ महिने आधी पोरांनी नवं घर घेतलं, सगळे बघायला जमलेले, चांगली पंधरा माणसं. पुस्तकांची फळी लावायची होती. मी म्हटलं आणा ड्रिल, जावयाच्या घरात सासऱ्याच्या हातची एक तरी फळी असू दे! लावलं ड्रिल... आणि भिंतीतून कारंजं! पाण्याचा पाइप त्याच जागी कुणी घातला होता? मी घातला होता का? पाणी उडतंय, सोफा भिजतोय, मी आपला सगळ्यांना धीर देतोय, घाबरू नका, काही नाही, माझ्या दुकानात पण एकदा असंच झालं होतं, तेव्हा काय झालं माहितीये... आणि व्याही मागून गरजले, पंधरा माणसांदेखत, "तुम्ही आधी गप्प बसा!"

मला! माझ्या लेकीच्या घरात! बरं, मी काही बोललो का? चकार शब्द नाही! फक्त एवढंच म्हणालो की अहो, ज्यांनी आयुष्यभर पाणीच मारलं त्यांनी थोडं पाणी बघून एवढं बिथरू नये, आणि आमच्या घराण्यात मोठ्यांना असं बोलायची रीत नाही, आणि जेवायला थांबत नाही आम्ही, चला गं! बस. एवढंच.

झालं. आठ महिने अबोला. पण खरा घाव पुढेच आहे. चार महिन्यांनी लेकीकडे गेलो, व्याही पेपर वाचत बसलेले, नाकावर नवा चष्मा. माझ्या दुकानातला नाही! व्याही चष्मेवाला असताना माणूस चौकापलीकडच्या त्या काचेच्या दुकानात जातो, जिथे डोळे तपासायच्या आधी कॉफी विचारतात, आणि तिथून चष्मा घेतो! याला काय म्हणायचं सांगा! आचाऱ्याच्या व्याह्यानं खानावळीत जेवायला जावं तसं झालं की हो!

तेवढ्यात लेकीचा सातवा महिना. एके दिवशी दुकानात आली, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "बाबा, दोन आजोबा दोन खोल्यांत बसणार असतील, तर मी बाळाला कुठल्या खोलीत ठेवू? सांगा." मी चष्मे पुसायला घेतले. पुसलेलेच परत पुसले. तर तिनं पर्समधून कागद काढला. अभयारण्यात आत कुठेतरी एक तळं आहे म्हणे, पायी जावं लागतं, वाटाड्या बरोबर असतो, तिथे पाणमांजरं दिसतात. तिघांचं बुकिंग केलंय. मी, व्याही आणि जावई. "तो असेल ना मधे," म्हणाली. आणि आदल्या दिवशी जावयाचा फोन, "बाबा, ऑफिसचं अचानक काम निघालं..." अहो, मी तीस वर्षं गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत बघतोय, मला फोनवरून कळतं कोण खोटं बोलतंय! पण मी काही बोललो का? चकार शब्द नाही. बायकोनं बोलूच दिलं नाही.

उजाडता उजाडता फाटकाशी हजर. व्याही आधीच उभे, खांबासारखे. मी मान हलवली, त्यांनी मान हलवली, झाला संवाद. आणि गाईडबाई आल्या. एवढीशी बाई हो, माझ्या खांद्याला लागेल, पण नजर अशी की मी न विचारता खिशातले हात बाहेर काढले. माझ्या जाकिटाकडे बघितलं. आमच्या हिनं मुद्दाम नारिंगी घेतलं होतं, हरवलात तर दिसाल म्हणून! बाई म्हणाली, "हा रंग नको." आणि आतून एक चिखली रंगाचं जाकीट आणून दिलं, त्याला आधीच्या चाळीस माणसांच्या घामाचा वास. पिशवीतलं बिस्किटाचं पाकीट दाबून बघितलं, कुरकुर वाजलं, "हे नको." सगळी बिस्किटं काढून फडक्यात बांधली. मोबाइल बंद करायला लावला. मी म्हटलं बाई, मला आठला प्रेशरच्या गोळीचा गजर आहे, तर गोळी माझ्या हातावर ठेवली, पाण्याची बाटली पुढे केली, "आत्ताच घ्या." घेतली! आणि मग तो नियम. ओठांवर बोट, आणि इतक्या हळू की मला वाकून ऐकावं लागलं, "इथून तळ्यापर्यंत... आवाज नको." मी विचारलं, किती वेळ? "साडेतीन तास. मग तळ्यावर दीड." मी विचारलं, म्हणजे अगदी काहीच बोलायचं नाही की हळू आवाजात थोडंफार... "आवाज नको!"

आणि व्याही हसले. मी बघितलं ना! मिशीतल्या मिशीत. या माणसाला काय फरक पडणार होता? त्यांना तर माहेरी आल्यासारखं वाटत असेल!

निघालो. पुढे बाई, मधे व्याही, मागे मी. आणि तुम्हाला सांगतो, गप्प राहून चालायचं म्हणजे रस्ता दुप्पट होतो. मोठमोठी झाडं, अरे वा म्हणावं तर नाही म्हणायचं. पाय घसरला, आई गं म्हणावं तर नाही म्हणायचं. बिस्कीट खावं तर चावायची चोरी, जिभेवर ठेवायचं आणि विरघळायची वाट बघायची, एका बिस्किटाला अर्धा किलोमीटर! मग मोज्यात काहीतरी गारगार. बघतो तर जळू! माझ्या पोटरीवर, अशी टम्म, आपल्या घरचं कार्य असल्यासारखी जेवत बसलेली! मी काही बोललो का? चकार शब्द नाही! तोंडाचा आ झाला, डोळे बाहेर आले, दोन्ही हात हवेत, पण आवाज? शून्य. बाई मागे आल्या, नखानं टचकन जळू काढली, पानावर ठेवली. पानावर! जपून! माझ्या पायाकडे बघितलं पण नाही!

पण हे सगळं मी सोसलं. जे सोसवेना ते वेगळंच होतं. ते म्हणजे समोर चालणारी व्याह्यांची मान.

हसू नका, हा माझा धंदा आहे. दहा मिनिटांत माझ्या लक्षात आलं. हा माणूस लांब बघायला हनुवटी छातीला लावतोय, मारक्या बैलासारखी. का? कारण तो चष्मा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे वरून लांबचं दिसतं, खालून जवळचं. आणि त्या कॉफीवाल्यांनी काचा दोन मिलिमीटर वर बसवल्यात! दोन मिलिमीटर! म्हणजे बिचारा समोर बघायला गेला की वाचायचा नंबर डोळ्यांपुढे येतो, समोरचं झाड म्हणजे हिरवा धूर. पायाखाली बघायला गेला की जमीन पुसट. म्हणून दर आठ-दहा मिनिटांनी ठेच! एकदा मुळावर, एकदा दगडावर, एकदा चक्क सपाट जमिनीवर. आणि ठेच लागली की छाती पुढे काढून असं चालायचं, जणू मुद्दामच लावून घेतली!

आता मला सांगा, तुमच्यासमोर कुणी उलटा शर्ट घालून चालला असेल तर तुम्ही किती वेळ गप्प राहाल? मला दिसतंय काय चुकलंय, मला दोन मिनिटांत नीट करता येतंय, आणि मला बोलायचं नाही! आणि खरं सांगू का, नियम नसता तरी मी बोललो नसतो. मनात म्हटलं, लागू देत ठेचा. जा अजून तिकडे कॉफी प्यायला! हो, म्हटलं, खोटं कशाला बोलू. चांगले तीन तास मी मागून एकेक ठेच मोजत होतो. बावीस झाल्या.

तेविसावी लागायच्या आधी बाईंनी एकदम मूठ वर केली. मूठ वर म्हणजे थांबा, फाटकाशी दहा वेळा बजावलं होतं. मी थांबलो. व्याही थांबेनात! मान खाली, पाय टाकताहेत, बाईंना ओलांडून पुढे. आणि समोर, इथून त्या दारापर्यंत म्हणा, डुकरीण. रानातली. सोफ्याएवढी! मागे पिल्लं, पाच की सहा, मोजायला कुणाला सुचतंय! ती मान वर करून बघतेय, नाकपुड्या फुगल्यात, आणि आमचे व्याही सरळ तिच्या दिशेनं, फिरायला निघाल्यासारखे!

ओरडायचं तर नाही. मग मी काय केलं? आयुष्यात पहिल्यांदा न बोलता काहीतरी केलं. झडप घातली, त्यांच्या पाठीवरच्या सॅकचे दोन्ही पट्टे धरले आणि ओढलं मागे! शंभर किलोचा माणूस माझ्यावर. मी चिखलात, ते माझ्या मांडीवर! बाई आमच्यापुढे पुतळ्यासारखी उभी, हात पसरून. डुकरीण एक पाऊल पुढे आली. परत थांबली. अहो, किती वेळ गेला कुणास ठाऊक, बाई नंतर म्हणाली सहा मिनिटं, मला सहा महिने वाटले. व्याह्यांचं काळीज धाडधाड वाजत होतं, माझ्या छातीवर वाजत होतं हो, माझं कुठलं आणि त्यांचं कुठलं कळेना. आणि ते थरथरत होते. ते! जळत्या इमारतीत चौतीस वर्षं शिरलेला माणूस!

डुकरीण वळली. पिल्लं तिच्यामागे, शेपट्या वर करून, तुरुतुरु. झुडपं मिटली. आणि मग माझ्या कानाशी एकदम हळू, जेमतेम ऐकू येईल असं, "मला दिसलंच नाही हो."

मी काही बोललो का?

नाही. काय बोलणार? बावीस ठेचा मोजत मी मजा बघत आलो होतो, माणूस माझ्या डोळ्यांदेखत मेला असता. लेकीला काय सांगितलं असतं? दोन मिलिमीटर सांगितलं असतं?

उठलो, एकमेकांचा चिखल झटकला, चालायला लागलो. आता मी पुढे आणि ते मागे, हात माझ्या खांद्यावर. कुणी ठरवलं नाही, तसंच झालं. अर्ध्या तासात तळं.

आता तळ्याचं मला सांगू नका वर्णन करायला. पाणी होतं. डोंगर उलटे होऊन पाण्यात पडलेले, धुकं वर वर चाललेलं, माणसाचं नाव नाही, आणि शांतता अशी की आपल्याच कानात काहीतरी वाजतंय असं वाटावं. बरं होतं. चांगलं होतं. ठीक आहे, सुंदर होतं! पण बसायला काय? फळ्यांचा आडोसा, त्याला बघायला एक फट, आणि बाकडं असं अरुंद की दोघांपैकी एकानंच श्वास घ्यावा. बाईंनी पलीकडच्या लव्हाळ्याकडे बोट दाखवलं. तिथे येतील. कधी? खांदे उडवले.

पाऊण तास गेला. व्याही हनुवटी छातीला लावून फटीतून बघताहेत, फट वर आणि मान खाली, कसं जमणार? पाठीला पोक आलं माणसाच्या. माझ्यानं बघवेना. मी हात पुढे केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हात तसाच ठेवला, हलवला नाही. मग त्यांनी हळूच चष्मा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. तुम्हाला सांगतो, तीस वर्षांत हजारो चष्मे हातात घेतले असतील, असा कुणी दिला नव्हता. चष्मा काढल्यावर तो माणूस एकदम म्हातारा दिसला हो. डोळ्यांखाली नाकावर दोन लाल खड्डे.

मी नाकावर टेकणारे दोन्ही नोजपॅड अंगठ्यानं दाबून जरा फाकवले, म्हणजे चष्मा नाकावर खाली सरकतो. काड्या कानामागे थोड्या वाकवल्या. पँटच्या अस्तराला काचा पुसल्या. परत त्यांच्या नाकावर ठेवला, बघितलं, काढला, केसभर अजून फाकवला, परत ठेवला. एक शब्द नाही. आणि त्यांची हनुवटी... अशी... हळूहळू वर आली. छाती सोडून वर आली. समोर बघितलं. पाणी बघितलं, डोंगर बघितला, माझ्याकडे बघितलं, बहुतेक आठ महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांना नीट दिसलो असेन. मग परत लव्हाळ्याकडे. मी खाली वाकलो, मांडीवरचं फडकं सोडून एक बिस्कीट काढायला, एकच हो, कष्ट झाले होते, आणि तेवढ्यात,

"अहो व्याही! ते बघा! ते बघा! तीन आहेत! तीन!!"

कोण ओरडलं? मी? मी नाही! ते! आगीच्या बंबाचा भोंगा हो, समोरच्या डोंगरावर जाऊन आपटून परत आला, तीन आहेत, तीन आहेत, तीन आहेत! बगळे उडाले, बाई दचकून बाकड्यावरून खाली, आणि मी मान वर केली तेव्हा पाण्यावर काय होतं? तीन वर्तुळं. मोठी होत होत विरून गेली. साडेचार तास तोंड शिवून मी काय बघितलं? वर्तुळं! एक शेपूट तरी दिसावी की नाही? नाही!

बाई उठल्या, कपडे झटकले, आणि दात ओठ खाऊन म्हणाल्या, "आवाज! नको!" मला नाही, त्यांना! तुम्हाला म्हणून सांगतो, कानाला काय गोड लागलं ते!

मग व्याही हसायला लागले. आवाज न करता, खांदे गदगदा. मग मला पण आवरेना. दोन म्हातारे तोंडावर हात दाबून, डोळ्यांतून पाणी, बाई छताकडे बघतेय.

राहिलेला वेळ बसलो, पाणमांजरं कसली परत येताहेत! निघताना बाई म्हणाल्या, परतीची वाट दुसरी आहे, रानाच्या कडेकडेनं, तिथे हळू बोललात तरी चालेल. चूक झाली त्यांची. मोठी चूक झाली. मला वाटलं, आली माझी पाळी! तोंड उघडलं, आणि व्याह्यांनी सुरुवात केली.

"तुम्हाला सांगू का," म्हणाले, "आगीत शिरलो की आम्ही पहिलं काय करायचो? गप्प उभं राहायचो. आत कोण हाक मारतंय ते ऐकायला. एकानं जरी तोंड उघडलं तरी हाक हुकते." दहा पावलं गेले. "त्या दिवशी पाइप फुटला ना, मला पाणी कुठून येतंय ते ऐकायचं होतं. तुम्ही तुमच्या दुकानाची गोष्ट सांगत होता. चौतीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं. नंतर सांगायचं होतं. पण ते कसं सांगतात, मला येत नाही."

मी म्हटलं, आणि चष्मा? तेवढं विचारलंच मी. तर म्हणाले, "आलो होतो की तुमच्याकडे. दारात उभा होतो. तुम्ही एका बाईंना त्यांच्या मामाच्या गुडघ्याबद्दल विचारत होता. चाळीस मिनिटं उभा राहिलो हो. तुमचं संपेना. मग गेलो पलीकडे."

...मी वाकून बुटाची नाडी बांधली. बांधलेलीच होती.

पण तुम्हाला वाटत असेल, झालं, गोड झालं, मिटलं. अहो, मिटलं कुठे, उघडलं! चौतीस वर्षं साठवलेलं, ते त्या वाटेवर सुरू झालं ते फाटकापर्यंत, फाटकापासून बसमध्ये, बसमधून घरापर्यंत! कापसाचं गोदाम, तेलाचं गोदाम, सिनेमाचं थिएटर, शिडीवर अडकलेली मांजर, एकेक आग सुरुवातीपासून, वारा कुठून होता इथपासून! मी मधे एकदा म्हटलं, माझ्या दुकानात पण एकदा... तर बोट वर केलं, "थांबा, हे ऐका आधी." मला! आता रोज सकाळी दहाला दुकानात हजर असतात, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसतात, गिऱ्हाईक उभं! काचेच्या दुकानाची कॉफी बरी असं म्हणत लोक तिकडे जायला लागलेत!

नात झाली. दोन महिन्यांची झाली. दोघे आजोबा एकाच खोलीत, एकाच सोफ्यावर, मी ड्रिल मारलेल्या त्याच भिंतीला टेकून, लेकीचं सगळं मनासारखं झालं. रोज दुपारी व्याही तिला मांडीवर घेतात आणि आगी सांगतात. परवा लेक कौतुकानं म्हणाली, "बाबा, ते बोलायला लागले ना, की पाच मिनिटांत गाढ झोप!" मी म्हटलं, वा, गुणी आहे हो नात माझी.

तर म्हणाली, "तिचं नाही बाबा, तुमचं सांगतेय. ती टक्क जागी असते."

...आता मी जाताना उशी घेऊनच जातो.